डिचोलीची नवरी, सहा पासपोर्ट आणि मस्कतचे अडीच दिवस

व्हॉट्सॲपच्या गटावर मी बँकॉकचा प्रस्ताव टाकला, पाच अंगठे आले आणि मी समजले की सगळ्या तयार आहेत. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती माझी होती. दुसरी चूक अडीच महिन्यांनी मोपाच्या विमानतळावर उघडी पडली. तीही माझीच. दोन्ही चुका मुळात एकच होत्या, हे मला मस्कतहून परत आल्यावर कळलं. लग्नाआधी मैत्रिणींनी मिळून दोन दिवस परदेशात जाऊन येण्याची हौस आता आमच्या तालुक्यातालुक्यांत पोचली आहे, म्हणून हे प्रकरण हिशेबासकट लिहून ठेवते. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांनी ते आधी वाचलं आहे.

आम्ही सहाजणी खांडोळ्याच्या कॉलेजातल्या. गोव्यात माणसाला गावावरून ओळखतात, तशाच इथे साऱ्याजणी येतील. नवरी डिचोलीची. साखळकारीण खाजगी प्राथमिक शाळेत शिकवते आणि संध्याकाळी शिकवण्या घेते. पेडणेकारणीचं ब्यूटी पार्लर आहे. वास्कोवालीचा नवरा बंदरात नोकरीला, भाऊ इंग्लंडात स्विंडनला. मडगावकारीण एका औषध कंपनीत. मी फोंड्याची, हिशेबनिसाचं काम करते, म्हणून सहलीचा हिशेब कोणी न सांगता माझ्याकडे आला.

परदेशच का, हा प्रश्न नवरीच्या आजीने पहिल्याच दिवशी विचारला होता. डिचोलीहून गोकर्ण काय वाईट? पण नवरीचं कारण मला पटलं होतं. होणारा नवरा जहाजावर. लग्न डिसेंबर २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात, आणि जानेवारीत तो पुन्हा बोटीवर जाणार. म्हणजे लग्नानंतर सहा-आठ महिने ही सासरी, तो समुद्रात. तिचा पासपोर्ट दोन वर्षांपूर्वी काढलेला, एकही शिक्का नसलेला. "पहिला शिक्का तुमच्याबरोबर हवा," एवढंच ती म्हणाली.

पहिला बेत

चतुर्थी झाली, सप्टेंबरच्या मध्यावर मी एका एजंटकडून बँकॉकचा भाव काढला. त्या वर्षी जुलैपासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायला मुभा दिली होती, त्यामुळे सगळ्यांच्याच तोंडी बँकॉक. चार रात्री, मुंबईमार्गे विमान, हॉटेल, फिरणं मिळून माणशी ६२,००० रुपये. त्यात तेव्हाचा ५ टक्के टीसीएस, म्हणजे आधीच घेतला जाणारा आयकर, धरलेला. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की तो कापला जातो आणि आयकराचं विवरणपत्र भरताना परत मागता येतो. मी हिशेबातली, मला तो पैसा परत येणारा दिसला. ज्या बाईचं उत्पन्न कराच्या जवळपासही जात नाही, तिला तो परत मिळवायला मुद्दाम विवरणपत्र भरावं लागतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि नवरीचा खर्च आम्ही पाचजणींनी उचलायचा, हे कोणी न ठरवताच ठरलेलं. केळवणाला बोलावलेल्या मुलीकडून कोणी जेवणाचे पैसे घेतं का, असा तो भाव. त्यामुळे ६२,००० सहाने गुणून पाचने भागले की माणशी ७४,४०० होतात. हा आकडा मी गटावर लिहिला नाही. ६२,००० लिहिले आणि खाली "शिवाय नवरीचा वाटा". पाच अंगठे आले. प्रत्येकीने २०,००० आगाऊ भरले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चहाला म्हणून ऑफिसातून खाली उतरले, तर शेजारच्या इमारतीतल्या सोनेतारण कर्जाच्या दारातून साखळकारीण बाहेर येत होती. साखळीत अशी दुकानं नाहीत असं नाही. ती फोंड्याला आली होती कारण साखळीत तिला सगळे ओळखतात.

"अगो, तू इथे?"

"आईच्या औषधांना थोडे लागत होते," ती म्हणाली आणि बस सुटेल म्हणून निघून गेली.

तिची आई चतुर्थीला माझ्यापेक्षा भरभर नेवऱ्या करत होती. रात्री मी फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग सरळच विचारलं की बँकॉकसाठी का? बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सगळ्यांनी हो म्हटलं ना गो. मी एकटीच नाही कशी म्हणू? पाटल्या काय, सोडवता येतील." आगाऊ रकमेसाठी तिने पाटल्या ठेवल्या होत्या आणि उरलेल्या पैशांसाठी आणखी काय ठेवता येईल ते विचारायला त्या दिवशी परत गेली होती.

त्या रात्री मी हिशेबाची वही काढली आणि पहिल्यांदा त्यात रकमांऐवजी माणसं लिहिली. पेडणेकारणीच्या नावासमोर मला दिसलं की तुळशीच्या लग्नानंतरचे शनिवार-रविवार म्हणजे तिचा धंद्याचा हंगाम. चार दिवस पार्लर बंद म्हणजे तिचं नुकसान सहलीच्या खर्चाएवढंच. तिनेही अंगठा दिला होता. अंगठा म्हणजे होकार नव्हता. "मी आडवी येणार नाही" एवढाच त्याचा अर्थ होता.

एकेकीला फोन

मी पाचही जणींना वेगवेगळे फोन केले, नवरीसकट. प्रश्न एकच ठेवला: कोणाकडून न मागता, काही न मोडता, घरात कोणाला उत्तर द्यावं न लागता तू किती घालू शकतेस? आकडा माझ्याकडेच राहील. आणि दुसरा प्रश्न, किती दिवस?

उत्तरं आली ती १९,००० पासून ६०,००० पर्यंत. दिवसांचं उत्तर मात्र चौघींचं सारखंच होतं, दोन रात्रींपेक्षा जास्त नको. म्हणजे बँकॉक आम्हाला परवडत नव्हतं आणि कोणाला फारसं हवंही नव्हतं. माझं ऐकून प्रत्येकीला वाटलं की बाकीच्यांना हवं आहे.

एजंटने माणशी ३,००० कापून बाकीचे परत केले. पंधरा हजार माझ्या घाईपायी गेले, तेव्हा ते मी देते म्हटलं. चौघींनी ऐकलं नाही. साखळकारणीचे ३,००० आणि तारणावरचं व्याज मात्र मी भरलं, त्यावर तिच्याशी वाद घालावा लागला. पाटल्या त्याच आठवड्यात घरी आल्या.

मग दोन रात्रीत कुठे? इथे आमच्या पासपोर्टांचा अभ्यास सुरू झाला आणि तो बराच शिकवून गेला.

दुबई पहिली सुचली, आणि पहिलीच गळाली. साखळकारणीच्या पासपोर्टवर फक्त तिचं नाव आहे, आडनावाचा रकाना रिकामा. लहानपणच्या दाखल्यात जसं होतं तसंच ते पासपोर्टवर उतरलं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२पासून असा एकच शब्द असलेल्या नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश बंद केला. पुढे थोडी सूट आली, ती पासपोर्टवर वडिलांचं नाव असलेल्यांना आणि तीही तिथे उतरल्यावर व्हिसा मिळण्यास पात्र असलेल्यांना. आम्ही त्यात बसत नव्हतो. अशा नावाची माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, तेव्हा तिकिटाच्या आधी पासपोर्टचं ते पान बघा.

मस्कत पेडणेकारणीने सुचवलं. तिच्या गावातली निम्मी घरं गल्फच्या पैशांवर उभी राहिली आहेत, तिला मस्कत परदेश वाटतच नव्हतं. गोव्याहून थेट विमान, सुमारे तीन तास. घड्याळ दीड तास मागे, म्हणजे पहाटे निघालं तर तिथे नाश्त्याच्या वेळेला हजर. मुंबईत विमान बदलण्याची यातायात नाही. नोव्हेंबरअखेर ऊनही सोसण्यासारखं.

व्हिशाचे मात्र तीन प्रकार निघाले. नवरी, साखळकारीण, पेडणेकारीण आणि मी, आम्हा चौघींना १० दिवसांचा पर्यटक व्हिसा काढायचा होता. त्याचं सरकारी शुल्क ५ रियाल, एजंटचे पैसे वेगळे. वास्कोवालीच्या पासपोर्टवर भावाकडे जाण्यासाठी काढलेला ब्रिटनचा चालू व्हिसा होता. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन अशा देशांचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना ओमान १४ दिवसांसाठी व्हिसाशिवाय येऊ देतं, त्यात ती बसली. आणि मडगावकारणीकडे पासपोर्टच पोर्तुगालचा. तिला १४ दिवस व्हिशाचं कामच नव्हतं. आम्ही चौघी फॉर्म भरत असताना ती आरामात होती आणि आम्ही तिला "तुझं बरं आहे बाय" म्हणत होतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

साखळकारणीच्या नावाचं ओमानच्या बाबतीत आधी विचारून घेतलं. तिचा व्हिसा हातात आला, तेव्हाच सगळ्यांची तिकिटं काढली. जाऊन-येऊन माणशी १६,४००. व्हिसा आणि प्रवासाचा विमा धरून साखळकारणीचा खर्च साडेअठरा हजारांवर गेला. तिने सांगितलेल्या आकड्यात मग हॉटेल आणि जेवणासाठी जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

पाकिटं

खरा वाद झाला तो नवरीच्या तिकिटावरून. ते तिने स्वतःच काढायचं ठरवलं. वास्कोवालीला हे अजिबात पटलं नाही. "नवरीकडून पैसे घ्यायचे? लोक काय म्हणतील?" तिचा राग खरा होता, तिच्या घरात पाहुण्याला बसचंही तिकीट काढू देत नाहीत. तासभर गटावर वाजलं. शेवटी नवरीने लिहिलं की तुम्ही लग्नात आहेर आणू नका, हाच माझा आहेर. त्यावर मग कोणी बोललं नाही. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचा एकच निर्णय असेल तर तो हा, आणि तो नवरीने घेतला. तिच्या जागी दुसरी असती तर बाकीच्यांचं प्रेम कमी झालं असं समजून रुसली असती.

जमिनीवरच्या खर्चाला माझ्या अंदाजाने सहाजणींचे मिळून ५५,००० लागणार होते. सारखा वाटा म्हणजे माणशी नऊ हजारांच्या वर, आणि साखळकारणीला पुन्हा तारणाच्या दारात पाठवण्यासारखंच. मग आपली लग्नातली रीत आठवली. आहेराचं पाकीट यजमान समोर फोडत नाही. मी एक स्टीलचा डबा घेतला, सहा सारखी पाकिटं वाटली, वर नाव लिहायचं नाही, आत जमेल तेवढं. एका रविवारी फोंड्याला माझ्या घरी जेवायला जमलो, एकेक जण देवाच्या खोलीत जाऊन डब्यात पाकीट टाकून आली. फोडली तेव्हा एकूण ५८,५०० निघाले. एका पाकिटात ५०० होते, एकात २२,०००. कोणाचं कुठलं ते आजही मला ठाऊक नाही.

पणजीला जाऊन त्यातून २६३ रियाल घेतले. रियाल १९८६पासून डॉलरला बांधलेला आहे, एका रियालला सुमारे २.६० डॉलर. म्हणजे तेव्हाच्या भावाने २२० रुपयांच्या आसपास. एका रियालचे १,००० बैसा, त्यामुळे किमतीत दशांशानंतर तीन आकडे असतात. मस्कतच्या पहिल्याच खानावळीत २.५०० पाहून नवरीने भीतीने मेनू खाली ठेवला होता, तेव्हा आधी समजून जावं. आणखी एक. आपली डेबिट आणि क्रेडिट कार्डं परदेशात आपोआप चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमापासून नवं कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी उघडं असतं, परदेशातला वापर आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करायचा असतो. आमच्यापैकी दोघींची कार्डं बंदच होती.

तारखा

शुक्रवार २९ नोव्हेंबर ते रविवार १ डिसेंबर. या तारखांमागे दोन गोष्टी होत्या.

आजीने पंचांग काढलं. शनिवारी सकाळपासून कार्तिकी अमावास्या, ती रविवारी दुपारी बाराच्या आत संपत होती. लग्न ठरलेली मुलगी अमावास्येला समुद्रापार करून येणार, हे तिला सहन होत नव्हतं. तिला समजावत बसण्यापेक्षा आम्ही परतीचं विमान संध्याकाळचं आहे हे दाखवलं. अमावास्या संपल्यावर निघणार म्हटल्यावर आजी शांत झाली. तसं म्हटलं तर अमावास्येमुळेच त्या शनिवार-रविवारी लग्नाचे मुहूर्त नव्हते आणि पेडणेकारणीला पार्लर बंद ठेवता आलं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. गोव्यात लग्न आधी कार्यालयात होतं, मग मांडवात. पोर्तुगीज काळातल्या कायद्यांपासून चालत आलेली ही रीत. वधू-वर नोंदणी कार्यालयात जाऊन पहिली सही करतात, हरकतींसाठी नोटीस लागते, मुदत संपली की पुन्हा जाऊन दुसरी सही. दुसरी सही झाली की कायद्याने नवरा-बायको. नवरीची दुसरी सही सोमवारी २ डिसेंबरला डिचोलीत ठरलेली होती. रविवारी रात्री विमान आणि सोमवारी सकाळी सही, यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. विमान रद्द झालं असतं तर साक्षीदार, सासरची माणसं, सगळेच खोळंबले असते. मी नवरीच्या बाबांना भेटले आणि सही गुरुवारी नेण्याची विनंती केली. त्यांनी काही न विचारता नेली. बाकी कशाला नाही, पण याला मी स्वतःला गुण देते.

मोपा

पहाटे सगळ्या विमानतळावर. सामान गेलं, बोर्डिंग पास मिळाले, नवरीच्या खांद्यावर पेडणेकारणीने नवरीपणाचा शोभेचा पट्टा चढवला. इमिग्रेशनच्या रांगेत आम्ही पाचजणी पुढे गेलो. मडगावकारीण मागे थांबली होती. तिथल्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, "ओसीआय कार्ड?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मग स्वतःच्याच घरात राहायला ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्ड लागतं, आणि देशातून बाहेर जाताना आणि आत येताना परदेशी पासपोर्टबरोबर ते दाखवावं लागतं. मडगावकारणीच्या आजोबांच्या कागदपत्रांवर सगळ्या भावंडांनी ते केलं होतं. नागरिकत्व घेतल्यानंतर ती भारताबाहेर गेलीच नव्हती. कार्ड मडगावच्या घरातल्या कपाटात.

मी सगळ्यांना यादी पाठवली होती. पासपोर्ट, तिकीट, व्हिशाची प्रत, विमा, हॉटेलचं बुकिंग, औषधांसाठी डॉक्टरची चिठ्ठी. यादीत ओसीआय नव्हतं, कारण मी ती माझा पासपोर्ट समोर ठेवून केली होती. तिने यादी वाचली, एकेका गोष्टीवर खूण केली आणि बॅग बंद केली. तिच्याकडे कार्डाचा फोनमधला फोटो होता. त्याने भागलं नाही, आणि अधिकाऱ्याचं त्यात काही चुकलं नाही.

तिच्या भावाला उठवलं. मडगाव ते मोपा साठ किलोमीटरांहून जास्त. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून तो टप्पा झटपट होतो, पण पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्ता वळवलेला. आम्ही काचेच्या आत, ती बाहेर. नवरी म्हणाली, "आपण कोणीच जायचं नाही." मडगावकारणीने फोनवर तिला जवळजवळ दटावलं, "माझ्यामुळे तुझा शिक्का राहिला तर मी तुझ्या लग्नाला येणार नाही." दार बंद झालं तेव्हा भाऊ धारगळला पोचला होता.

विमानात पाचजणी, सहावी खुर्ची रिकामी. नवरीने पट्टा काढून बॅगेत ठेवला, तो परत घातला नाही.

मुंबईमार्गे दुसऱ्या दिवशी येता आलं असतं. आम्ही मस्कतला उतरल्यावर भाव पाहिला, एका बाजूचाच आमच्या जाण्यायेण्यापेक्षा महाग. ती नको म्हणाली.

मस्कत

शहराबद्दल थोडक्यात, कारण तो या लेखाचा विषय नाही. तरी एक आखणीतली चूक सांगायला हवी. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आम्ही शुक्रवारी सकाळी उतरलो तर मत्रहचा सूक, म्हणजे जुना बाजार, दुपारपर्यंत जवळजवळ बंद, आणि सुलतान काबूस मशीद शुक्रवारी बिगरमुस्लिमांना बंदच. ती शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ उघडी असते. सुदैवाने आमच्याकडे शनिवार होता. शुक्रवारची दुपार झोपेत गेली आणि संध्याकाळी मत्रहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर चाललो. सूकमध्ये लोबानाचा वास, चांदीचे खंजीर, आणि निम्म्या दुकानदारांना हिंदी येतं. नवरीने लोबान घेतला, सहा पुड्या.

शनिवारी मशीद. डोकं, मनगटं, घोटे झाकलेले हवेत. आम्ही सुती पंजाबी ड्रेस आणि मोठ्या ओढण्या नेल्या होत्या, तेवढं पुरलं. आतला गालिचा एकसंध, ७० मीटर लांब आणि ६० रुंद, वजन २१ टन. इराणमधल्या सहाशे बायकांनी चार वर्षं तो विणला. साखळकारीण त्याच्या काठाशी बराच वेळ उभी होती. तिला गाठी मोजायची सवय आहे, शाळेत मुलींना विणकाम शिकवते.

तिथून जुन्या मस्कतला. राजवाड्याच्या दोन बाजूंना जलाली आणि मिरानी हे किल्ले, दोन्ही पोर्तुगीजांनी १५८०च्या दशकात बांधलेले. पोर्तुगीजांनी मस्कत घेतलं १५०७ साली, म्हणजे गोव्याच्या तीन वर्षं आधी, आणि ओमानींनी ते १६५०मध्ये परत घेतलं. तटाचे दगड, तोफांच्या खिडक्या, सगळं आग्वादला पाहिलेलं. तिथे उभं राहून आम्ही मडगावकारणीला व्हिडिओ कॉल लावला. ज्या पासपोर्टमुळे तिला इथे व्हिसा लागला नाही तोच तिला घरून निघू देईना. यावर ती काही बोलली नाही, किल्ला दाखवा म्हणाली. जवळच मोतीश्वराचं शिवमंदिर आहे, तिथे तिच्या नावाने फूल वाहिलं.

रात्रीचं जेवण नीट झालं. दारू परवाना असलेल्या हॉटेलांतच मिळते आणि पिऊन रस्त्यावर गोंधळ घालणं हा तिथे गुन्हा आहे. ज्यांना हवी होती त्यांनी हॉटेलात एकेक ग्लास घेतला आणि वर खोलीत गेलो. गाणी, मेंदीची नक्षी निवडणं, सासूबद्दलची भीती. पहाटे तीनपर्यंत नवरी बोलत होती. हे गोकर्णलाही झालं असतं असं आजी म्हणेल. मला तसं वाटत नाही. घरापासून इतकं लांब, जिथे कोणी दार वाजवणार नाही अशा खोलीतच ती ते बोलली.

हिशेब

२६३ रियालपैकी हॉटेलच्या दोन खोल्या दोन रात्रींना १०४, टॅक्सी ४१, जेवणखाण ७२, ओमानी हलवा आणि किरकोळ १२. एकूण २२९. डब्यात ३४ रियाल उरले, साडेसात हजार रुपयांच्या घरात. सहावीचा खर्च झाला नाही म्हणून.

आता तिचे पैसे तिला परत करायचे, तर किती? पाकिटांवर नावं नव्हती. तिने ५०० घातले होते की २२,०००? मी विचारलं. ती म्हणाली, "नाव लिहायचं नाही असं तूच सांगितलं होतंस." साखळकारणीची लाज राखणारी युक्ती मडगावकारणीला तिचा पैसा परत करताना आडवी आली. असं कोणी करणार असेल तर आधीच ठरवून ठेवावं की कोणी गळलीच तर तिला एकूण रकमेचा सहावा हिस्सा मिळेल. आमच्या बाबतीत ते ९,७५० झाले असते. तिकिटातले करांचे २,९०० तेवढे विमान कंपनीकडून परत आले, बाकी बुडाले.

पुढे मी यादीबद्दल तिला एकदा विचारलं, कार्ड लागतं हे तुला ठाऊक नव्हतं का. ती म्हणाली, "ठाऊक होतं. पण तुम्ही सगळ्या व्हिशाच्या मागे होता, मला काहीच लागत नाही असं तुम्हीच म्हणत होता. मलाही तसंच वाटायला लागलं." पैशांचं मी एकेकीला वेगळं विचारलं होतं. कागदांचं विचारलं नव्हतं, एक यादी सहाजणींना पाठवली होती. त्या यादीवरही पाच अंगठे आले होते, त्यातला एक तिचा.

गुरुवारी डिचोलीत दुसरी सही झाली. चुड्याच्या दिवशी आम्ही सहाही जणी होतो. साखळकारणीच्या हातात पाटल्या होत्या. नवरीने कासाराला थांबवून पासपोर्ट आणला आणि मडगावकारणीला शिक्क्याचं पान दाखवलं, लोबानाची सहावी पुडी तिच्या हातात दिली. मी रुपये करून आणलेलं पाकीट पुढे केलं, तर तिने ते माझ्याच पर्समध्ये परत घातलं.

डबा अजून माझ्याकडे आहे, पाकीट आत आहे. पेडणेकारणीचं लग्न पुढच्या वर्षी ठरतंय. या वेळी गटावर काही टाकायच्या आधी मी मडगावला जाऊन आले.